म्हसरूळकडचा दिवा

सुधामावशी एका जागी स्वस्थ बसलीय, असं मी फारसं पाहिलेलं नाही. टीव्हीवरची मालिका ती उभ्याने बघते. जाहिरात लागली की आत जाऊन ओटा पुसून येते आणि परत आल्यावर मधलं काय झालं ते मला विचारते. मी मालिका बघत नाही हे तिला कितीदा सांगून झालंय. सकाळी उजाडलं की मखमलाबाद नाक्यावरून चालत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर जाते, येताना भाजीबाजारात शिरते, वांग्यांचा भाव विचारते, तो ऐकून भाजीवाल्याला चार शब्द सुनावते आणि रिकाम्या पिशवीने घरी येते. भाजी मग दारावरच्या हातगाडीवरून घेते, तीही चढ्या भावाने.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. नोकरी पोस्टात झाली, त्यामुळे पंचवटीतली कुठली गल्ली कुठे फुटते हे ती रिक्षावाल्यांना सांगते आणि ते निमूट ऐकतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, देवव्रतदादा, पुण्यात असतो. मावशी चौथ्या मजल्यावर, त्याच बिल्डिंगमध्ये मी पहिल्या मजल्यावर. मी विमा कंपनीत आहे, मला राग लवकर येतो आणि तो आणण्यात मावशीचा हातखंडा आहे. थोडक्यात, आमचं छान जमतं.

डिसेंबर संपत आला होता. थंडी चांगलीच पडली होती. मावशी दिवेलागणीला गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि कपडे तसेच टाकून माझ्या दारात आली. मी ऑफिसातून येऊन चपला काढत होते.

"स्वरदा, वर चल. म्हसरूळच्या बाजूला आकाशात काहीतरी आहे."

"विमान असेल."

"विमान जागच्या जागी डुलतं का? चल म्हणते ना!"

मी आधी चहा टाकला. तो होऊन, गाळून, कप हातात घेऊन वर गेले तोवर आकाश रिकामं होतं. मावशीनं हात करून जागा दाखवली. चामरलेणीचा डोंगर दिसतो ना, त्याच्या जरा अलीकडे. लालसर पिवळा, ताऱ्याहून मोठा. आधी डुलत होता, मग थोडा वर सरकला, मग विझला. "आवाज नाही, धूर नाही, काही नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, असेल काहीतरी. माझ्याकडे असं बघितलं तिनं, की मी मुकाट्याने तिचे कपडे काढायला लागले.

आता आमच्या नाशकात आकाशात काहीही झालं, कुठे धडाम वाजलं, खिडकीचं तावदान थरथरलं, की त्याला एकच उत्तर असतं. देवळालीचं फायरिंग. तिथे लष्कराच्या तोफखान्याचा सराव चालतो, हे खरं आहे, पण नाशिककरांनी तोफखान्याच्या माथी काय काय मारलंय याला सुमार नाही. अलीकडे दुसरं उत्तर आलंय, कुंभाचं काम. रस्ता खणला, कुंभाचं काम. दिवे गेले, कुंभाचं काम. मावशीनं वॉचमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, दुसऱ्या मजल्यावरच्या दिवाकरकाकांना विचारलं. सगळ्यांनी याच दोनांतलं एक उत्तर दिलं आणि वर तिच्याकडे जरा निरखून बघितलं.

दिवाकरकाका एकदा तिच्याबरोबर वर गेलेसुद्धा. त्या संध्याकाळी दिवा होता, असं मावशी शपथेवर सांगते. "तो बघा, तो बघा," म्हणून ती बोट दाखवत राहिली आणि काका डोळे बारीक करून म्हणाले, "मला तर काही दिसत नाही बुवा." काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोरून मी आले तर ते मला 'नमस्कार देशमुख' म्हणतात. तरी त्यांची साक्ष ग्राह्य धरली गेली, कारण काकांनी ती परस्पर देवव्रतदादाला फोनवर दिली.

आणि इथून पुढे हे सगळं गमतीचं राहिलं नाही.

माझी आजी, म्हणजे मावशीची आई, शेवटची काही वर्षं मावशीकडे होती. तिला भिंतीवर मुलं बसलेली दिसायची. "त्यांना जेवायला वाढ गं, कधीची ताटकळलीत," असं ती म्हणायची, आणि पोस्टातून दमून आलेली मावशी रिकाम्या भिंतीसमोर वाट्या मांडायची. पुढे आजी मावशीलाच ओळखेना. "ह्या बाई चांगल्या आहेत हो, माझं सगळं करतात, कुठल्या आहेत ह्या?" असं तिनं मला मावशीच्या देखत विचारलेलं मी ऐकलंय. मावशी तेव्हा हसली होती आणि मग बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून बसली होती. आजी गेली त्या वर्षी मावशीनं देवव्रतदादाला समोर बसवलं. म्हणाली, "जे नाही ते मला दिसायला लागलं, तर मला विचारत बसू नकोस. मी नाही म्हणेन, भांडेन. ऐकू नकोस. सरळ घेऊन जा." दादानं तेव्हा मान डोलावली होती, आपण असल्या गोष्टींना डोलावतो तशी.

आता त्याला ते आठवलं. तो वाईट नाही. त्यानं आईवर ओरडाआरडा केला नाही, उलट फोनवर इतका हळू आणि गोड बोलायला लागला की मावशीला तेच झोंबलं. "माझ्याशी दवाखान्यातल्यासारखा बोलतो," ती म्हणाली. संक्रांतीला तो येणार होता. इथल्या एका डॉक्टरांची वेळ त्यानं घेऊन ठेवली होती आणि पुण्याच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी करायला घेतली होती. तो फ्लॅट मी पाहिलाय. अकरावा मजला, खाली उतरलं की गाड्या, गेट, गार्ड, आणि गेटबाहेर हमरस्ता. वांग्यांचा भाव विचारायचा तर फोनवर. मावशीला तिथे ठेवणं म्हणजे तिचे पाय काढून घेणं, असं मला वाटलं, आणि मी ते दादाला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "मग तू सांग, तुला दिसला का तो दिवा?"

मला दिसला नव्हता. मी दोनदा वेळेवर गेले होते. दोन्ही दिवशी वारा पडलेला, हवा थिजलेली, आणि आकाशात दिवाबिवा काही नाही. फोनमध्ये तारे ओळखायचं ॲप टाकून मी उत्तरेकडे फिरवून पाहिलं, तिथे इतका मोठा तारा किंवा ग्रह कुठलाच नव्हता. मावशीनं तिच्या फोनवर काढलेला फोटो होता, त्यात काळ्या चौकोनावर एक ठिपका. दादा म्हणाला स्ट्रीटलाइट आहे. खरं सांगायचं तर मलाही स्ट्रीटलाइटच वाटला.

मावशीची झोप उडाली. पहाटे माझ्या डोक्यावरून तिच्या येरझाऱ्यांचा आवाज येतो असं मी तिला म्हटलं, तर म्हणाली, "मधे दोन मजले आहेत, तुला भास होतोय. तूही चल डॉक्टरकडे." हे बोलून ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम उतरला. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "दिव्याची नाही. दिवा नसेल तर, याची."

मग मात्र मी रजा टाकली आणि आम्ही देवळाली कॅम्पला गेलो. तिचाच हट्ट. सगळे फायरिंग म्हणतात ना, तर जाऊन विचारू. बसमध्ये ती दर स्टॉपला उठून दाराशी जात होती, कंडक्टर वैतागला. कॅम्पच्या बाजारात एका बेकरीत आम्ही खारी घेतली आणि मावशीनं तिथल्या बाईंना चौकशीला धरलं. त्यांचे यजमान फौजेत होते आणि त्या आमच्या प्रश्नाला हसल्याच.

"काकू, रात्रीचं फायरिंग असलं तर आमच्या कपाटातली भांडी वाजतात. उजेडाचे गोळे सोडतात कधीकधी, पण तो उजेड सगळ्या माळावर पडतो. तुमच्या गच्चीवरून एकटीला दिसेल असा नसतो तो."

"आणि कुठल्या दिशेला?" मावशीनं विचारलं.

"ह्याच बाजूला की. तुम्ही कुठे राहता?"

तेव्हा मावशीनं कपाळावर हात मारला. मीही मारला. देवळाली आमच्या दक्षिणेला आणि दिवा दिसतो उत्तरेला. नाशिकमध्ये जन्म गेलेल्या दोन बायका, त्यातली एक पोस्टातली, आणि आम्ही अर्धा दिवस मोडून बरोबर उलट्या दिशेला आलो होतो, कारण सगळे म्हणतात फायरिंग. परतताना मावशी बसमध्ये पहिल्यांदा शांत बसली. मला ते आवडलं नाही. ती सीटवर बसून राहिली की मला काळजी वाटते.

त्या गुरुवारी मी घरी आले तर मावशीच्या दाराला कुलूप. फोन घरातच वाजत होता. मी नाक्यापर्यंत बघून आले, दिवाकरकाकांना विचारलं, ते मला देशमुख म्हणाले. साडेआठ वाजले असतील, ती रिक्षातून उतरली. गाल लाल, स्वेटरची बटणं उघडी, चेहऱ्यावर हसू.

"कुठे होतीस?"

"बाजारात."

"ह्या वेळी? आणि पिशवी कुठाय?"

ती थबकली. हातांकडे बघितलं. "नेली नाही वाटतं," म्हणाली. मी तिथे रस्त्यावरच तिला बोलले, फोन घेऊन जायला काय होतं, थंडी कसली आहे, अंधारात कशाला फिरतेस. तीही चिडली. वर आल्यावर पर्समधून किल्ली काढताना गुलाबी कागदाची एक पुडी खाली पडली. आत तिळाच्या वड्या होत्या. "ह्या तू ठेवल्यास का?" तिनं विचारलं. संक्रांत जवळ आलेली, देवळात, बाजारात, ओळखीच्या दहा घरांत कोणीही हातावर वडी ठेवतं. मी म्हटलं, दिली असेल कोणीतरी. एक खाल्ली. वेलदोडा जास्त होता पण वडी खुटखुटीत होती. ती पुडी परत पर्समध्ये गेली.

"स्वरदा, तो दिवा कसला असेल गं?" दार लावता लावता तिनं विचारलं. मी अजून रागात होते. उत्तर न देता खाली आले.

शनिवारी मला सुट्टी. दुपारपासून वारा सुटला होता, गच्चीवरचे कपडे दोरीला गुंडाळले जात होते. मी ठरवलं की आज चहा नाही, फोन नाही, काही नाही. सूर्य गेल्यापासून आम्ही दोघी शाली लपेटून कठड्याशी उभ्या राहिलो. म्हसरूळकडच्या इमारतींचे दिवे एकेक करून लागले. डोंगर काळा झाला. मावशी माझ्या मनगटाला धरून उभी होती आणि तिची बोटं सारखी हलत होती.

"नाही येणार तो," ती म्हणाली. "तू आलीस की येत नाही."

आणि तेवढ्यात तो आला. सगळ्यात उंच इमारतीच्याही वर, डोंगरासमोर, लालसर पिवळा दिवा. डुलत होता. थोडा खाली आला, सावकाश वर चढला, आणि उंच जाऊन थांबला.

"मावशी," मी म्हटलं, "मला दिसतोय."

"काय दिसतंय ते सांग. मी नाही सांगणार, तू सांग."

"लालसर. पिवळा. डुलतोय. डोंगराच्या अलीकडे."

मावशीनं माझं मनगट सोडलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एवढ्या आठवड्यांचं ओझं त्या क्षणी उतरलं. मी दादाला फोन लावायला निघाले होते, तर तिनं माझा फोन खाली केला. "आधी बघू काय आहे ते. स्कूटर काढ. तो विझायच्या आत."

मी स्कूटर काढली. मावशी मागे बसली, एका हातानं मला धरून आणि दुसऱ्यानं रस्ता दाखवत. कालव्यापर्यंत दिवा डोळ्यांसमोर होता, मग इमारतींमागे गेला. तरी ती डावीकडे म्हणाली, उजवीकडे म्हणाली, किराणा दुकानापाशी वळ म्हणाली. पोस्टातल्या बाईला पत्ते कसे पाठ असतात याचं मला कौतुकच वाटलं. एका जुनाट चार मजली बिल्डिंगपाशी ती थांब म्हणाली. फाटकाची कडी आतून होती, तिनं गजांतून हात घालून ती काढली. "लिफ्ट बंद असेल, जिन्यानेच चल," असं म्हणून पुढे निघाली. लिफ्टच्या दाराला खरंच बंदची पाटी होती. मला वाटलं, ह्या बाईला वाईटच आधी सुचतं.

गच्चीचं दार उघडं होतं. पाठमोरा एक म्हातारा माणूस, माकडटोपी, मफलर, पोटाशी लाकडी कामट्यांची मोठी रिळासारखी चीज धरून उभा. तिच्यातून दोरा निघून तिरका आकाशात गेला होता. बराच वर, त्या दोऱ्याला बांधलेला कागदी कंदील, आत मेणबत्ती. त्याच्याही वर कुठेतरी पतंग होता, पण काळोखात तो दिसत नव्हता. नुसता कंदील दिसत होता.

"पतंग!" मावशी ओरडली. "अगं स्वरदा, पतंग आहे!" तिनं टाळ्या वाजवल्या. एकोणसत्तर वर्षांची बाई, आणि उड्याच मारायची बाकी होती. मला हसू आवरेना. फायरिंग काय, कुंभ काय, डॉक्टर काय, अकरावा मजला काय, आणि शेवटी निघाला कागदाचा कंदील.

म्हातारबुवा वळले. आमच्याकडे बघून हसले. मी घाईघाईनं माफी मागितली, आमच्या गच्चीवरून दिवा दिसतो, फार दिवस कोडं पडलं होतं, म्हणून असं न विचारता आलो. ते मान हलवत ऐकत होते, पण जरा गोंधळल्यासारखे दिसले.

"हे काय आहे? असं का लावता?" मावशीनं विचारलं.

त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागले. नाव गोटीराम. मूळचे येवल्याचे, जन्मभर पैठणी विणली. मुलगा सातपूरला कंपनीत लागला, म्हणून बायकोला घेऊन इकडे आले.

"आमच्या येवल्यात संक्रांतीला हेच असतंय बगा. दिवसा पतंग, अन् अंधार पडला का दोऱ्याला कंदील. हिला आसारी म्हन्तात, आमी चकरी नाय वापरत. दोरा साधा हाय, नायलॉन नाय, हात लावून पाहा. कंदील आमची लताबाई करती. गुडघ्यापायी तिला वर येता येत नाय, खालच्या खिडकीतून बगती. वारा असला तरच चढवतो मी. मेणबत्ती संपली का उतरवतो, नायतर सोसायटीवाले बोलतेत. संक्रांतीला गावाला जायचं, तवर हाताला सवय पायजे ना."

"बघितलंस?" मावशी मला म्हणाली. "वारा असला तर! म्हणून तू आलीस तेव्हा नव्हता."

गोटीरामबाबांनी आसारी पोटाशी घट्ट केली आणि जरा संकोचून म्हणाले, "पन हे मी परवा सांगितलं व्हतं ना ताई तुमाला."

मी म्हटलं, "परवा? नाही हो बाबा, आम्ही आजच आलो."

"तुमी नाय. ह्या ताई. गुरुवारी. ह्याच टायमाला. लताबाईनं वड्या न्हाई का दिल्या बांधून?"

वारा होता, तरी मला एकदम उकडल्यासारखं झालं. कडी. किराणा दुकान. लिफ्ट. मी मावशीकडे बघितलं नाही. घाईनं म्हणाले, "दुसरं कोणी असेल बाबा. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. अंधारात चेहरे..."

"गप्प बस, स्वरदा," मावशी म्हणाली.

तिनं पर्स उघडली. गुलाबी कागदाची पुडी काढली. कठड्याजवळ कंदिलांच्या कागदाचे तुकडे पडले होते, पिवळे, हिरवे, गुलाबी. ती वाकून एक गुलाबी तुकडा उचलते काय, पुडीशेजारी धरते काय, आणि मी नुसती उभी. मला तिथून तिला उचलून पळवून न्यावंसं वाटत होतं.

"गुरुवारी मी काय म्हणाले?" तिनं विचारलं. आवाज अगदी पोस्टाच्या काउंटरवरचा.

गोटीरामबाबांना आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटलं असावं. ते चाचरत म्हणाले, "काय नाय वो. लय हसल्या. आजच्यावानीच टाळ्या वाजीवल्या. अन् म्हन्ल्या..."

"सांगा ना."

"म्हन्ल्या, मी वेडी नाय. दोन-तीनदा म्हन्ल्या. पोराला दाखवायला घेऊन येते म्हन्ल्या."

वर कंदील डुलत होता. मावशी कठड्याला टेकली, आणि मग एवढी धडधाकट बाई हळूहळू खाली बसली. मी शेजारी बसले. तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली.

"दिवा खरा आहे," ती म्हणाली.

"हो मावशी."

"आणि मी इथे येऊन गेले."

मला हो म्हणवेना. तिनंच माझा फोन मागून घेतला आणि दादाला लावला. दादा दुसऱ्या रिंगला बोलला. तिनं सांगितलं, दिवा खरा आहे, स्वरदालाही दिसला, येवल्याचे एक गृहस्थ पतंगाला कंदील लावतात. पलीकडून दादाचा सुटकेचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "अगं आई, बरं झालं गं! मी उगाच..."

"थांब," मावशी म्हणाली. "पुढचं ऐक. मी गुरुवारी इथे येऊन हे सगळं बघून गेले होते. आणि मला काही आठवत नाही. खोली तयार ठेवलीयस ना? ठेव. मी नाही म्हणेन, भांडेन. तरी."

मावशीनं फोन मला दिला, उठली, साडी झटकली आणि गोटीरामबाबांकडे गेली. "बाबा, ती जरा माझ्या हातात देता का?" त्यांनी आसारी तिच्या हातात दिली, पण स्वतःची पकड सोडली नाही. दोऱ्याला चांगली ओढ होती, तिचे खांदे पुढे खेचले गेले. "अरे बापरे," ती म्हणाली, आणि पाय रोवून उभी राहिली.

संक्रांतीला दादा आला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि मावशीला जे आधीच कळलं होतं तेच त्यांनी मोठ्या शब्दांत सांगितलं. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, एकटं ठेवू नका. रथसप्तमीचं हळदीकुंकू झालं की पुण्याला जायचं असं मावशीनंच ठरवलं. ती भांडली नाही. मी भांडले. दादाशी भांडले, डॉक्टरांशी भांडले, दिवाकरकाकांशी काही कारण नसताना भांडले. मावशी बॅगा भरत होती, उपसत होती, पुन्हा भरत होती.

एका संध्याकाळी बॅग भरता भरता ती मला म्हणाली, "मी आईला चिडून सांगायचे गं. कितीदा तेच विचारतेस, असं म्हणायचे. तिचा चेहरा बारीक व्हायचा. तू चिडू नकोस. मी विचारलं तर पहिल्यांदाच विचारलंय असं समज." मी बरं म्हटलं. चिडण्याच्या बाबतीत माझा भरवसा कोणी देणार नाही, मीही देत नव्हते.

जायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून येऊन चपला काढत होते. वारा होता. गोटीरामबाबा येवल्याहून परत आले होते. त्यांची संक्रांत झाली होती, तरी वारा असला की ते कंदील चढवत होते. का, हे मी त्यांना विचारलं नाही. मावशी धावत जिना उतरली, कपडे वरच टाकून, आणि माझ्या दारात उभी राहिली. डोळ्यांत तीच चलबिचल.

"स्वरदा, म्हसरूळच्या बाजूला आकाशात काहीतरी आहे. जागच्या जागी डुलतंय. कसलं असेल गं ते?"

मी चपला पुन्हा पायात घातल्या.

"मला पण माहीत नाही," मी म्हटलं. "चल, बघून येऊ."

आणि स्कूटरची किल्ली घेतली.